गोष्ट संपल्यावर हात काय करतात : ग्वाल्हेरचे दिवस

बुधवार

झाशी सुटली तरी धुकं खिडकीला चिकटूनच होतं. डिसेंबरात इकडे यायचं तर वेळापत्रकाकडे बघायचं नाही, डबा तेवढा जास्तीचा घ्यायचा. ग्वाल्हेरला उतरले तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. मावसभाऊ कानटोपी, मफलर आणि जाकीट अशा जामानिम्यात गजकची पुडी घेऊन फलाटावर उभा होता. ‘पहिले हे खा, घरी जाईपर्यंत दम निघेल.’

घर लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी राजधानी उज्जैनहून इथे हलवली. किल्ल्याच्या पायथ्याशी फौजेचा तळ पडला आणि त्या तळाचंच पुढे शहर झालं. महाराज बाडा, जनकगंज, चिटणीस की गोठ असे पत्ते रिक्षावाले अजून सांगतात. मावशीच्या सासरचे लोक त्या फौजेबरोबर आले, असं काका सांगतात. त्यांच्या हाती तलवार होती की दौत, यावर घरात दोन तट आहेत.

मी आले ती तानसेन समारोहाच्या पहिल्या सकाळसाठी. संध्याकाळच्या मैफलींना गर्दी होतेच. त्याआधी सकाळी तानसेनाच्या समाधीपाशी हरिकथा आणि मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या जन्माची कथा, होतो, तिकडे बाहेरगावची माणसं फारशी फिरकत नाहीत. धर्मकथा आणि लोककथा ऐकणारी माणसं त्यांवर विश्वास ठेवतात म्हणजे नेमकं काय करतात, हा माझ्या अभ्यासाचा विषय. वर्गात आम्ही विल्यम बॅस्कम या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाची १९६५ची विभागणी शिकवतो: पवित्र आणि खरं मानलेलं ते मिथक, अलीकडच्या काळात घडलं असं मानलेली ती दंतकथा, आणि कुणीच खरी न मानलेली ती लोककथा. सोयीची आहे, परीक्षेत पाच मार्कांना येते. पण अमुक गोष्ट लोक खरी मानतात हे कळणार कसं? वही उघडून बसलेल्या बाईला कुणी मनातलं सांगत नाही. ‘आस्था की बात है’ म्हणतात आणि चहा पुढे करतात. म्हणून या खेपेला विचारायचं कमी, आणि गोष्ट संपली की माणसं हातांनी काय करतात तिकडे बघायचं, असं ठरवून आले होते.

गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार. मावशीनं पहाटेच चौरंग मांडला. तांदळाच्या राशीवर कलश, त्यात पाच झाडांच्या डहाळ्या, वर नारळ, नारळाला नथ. शेजारच्या भाभी डोकावल्या आणि म्हणाल्या, ‘आंटीजी, पूस लग गया, अब कौन सा व्रत?’ त्यांचं खरं होतं. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे एकाच भिंतीच्या अलीकडे मार्गशीर्ष आणि पलीकडे पौष, हा प्रकार लष्करात दर महिन्याच्या उत्तरार्धात चालतो. दोनशे वर्षं इथे राहून मराठी माणसांनी जेवणात बेडई घेतली, बोलण्यात ‘सब्जी’ घेतली, पण पंचांग सोडलं नाही.

संध्याकाळी पोथी. मावशी वाचते मराठीत आणि भाभींसाठी मध्ये थांबून हिंदीत सांगते. गोष्ट सगळ्यांच्या ऐकिवातली: सौराष्ट्राचा राजा भद्रश्रवा, त्याची राणी सुरतचंद्रिका, मुलगी शामबाला. लक्ष्मी म्हातारीच्या रूपात दाराशी येते, राणी तिला हाकलते, मुलगी मात्र तिच्याकडून व्रत समजून घेते. पुढे मुलीचं लग्न मालाधर राजाशी होतं आणि आईबापांचं राज्य जातं. लेकीनं बापाला दिलेल्या हंडाभर मोहरांचे घरी पोचेपर्यंत कोळसे होतात. मावशी हे सगळं भरभर वाचत होती, नावंही अर्धी गिळत होती. मिठाचा प्रसंग आला तशी तिची गती उतरली. शामबाला माहेराहून परतते, नवरा विचारतो काय आणलंस, ती म्हणते राज्याचं सार. आणलेलं असतं मीठ. दुसऱ्या दिवशी ती सगळा स्वयंपाक अळणी करते, राजा पहिला घास घेऊन थबकतो, मग ती पानात मीठ वाढते.

मावशीनं हे हिंदीत सांगितलं तेव्हा ते पोथीपेक्षा लांबलं. पोथीत नसलेली आमटी आली, राजाचा चेहरा आला. भाभी हसल्या. त्यांच्या उजव्या मुठीत गव्हाचे दाणे होते, ते मला तेव्हा दिसले. त्यांच्याकडे रिकाम्या हातानं कथा ऐकत नाहीत. या व्रताशी त्यांचा संबंध नाही, महिनाही त्यांच्या हिशेबानं दुसराच. पण कथा म्हटल्यावर त्या घरून दाणे घेऊन आल्या होत्या. पोथी संपली. मावशीनं फलश्रुतीला हात जोडले, भाभींनी दाणे कलशापाशी वाहिले आणि आपल्या सवयीनं म्हणाल्या, ‘जैसे उनके दिन फिरे, वैसे सबके दिन फिरें.’ आपली कहाणी साठां उत्तरांची असते आणि पाचां उत्तरी सुफळ संपूर्ण होते, घेतला वसा टाकू नकोस असं ऐकणाऱ्याला बजावते. त्यांची ऐकणाऱ्याचेही दिवस पालटवून जाते. माझं मन विचाराल तर मला त्यांचा शेवट जास्त आवडतो, पण हे मावशीपुढे बोलले नाही.

आता जेवण. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो, त्यामुळे मीठ अंदाजानं. ज्या कथेचा जीव मिठात आहे, तिच्या नैवेद्याचं मीठ बाईला जिभेनं तपासता येत नाही, हे एवढी वर्षं ही पोथी ऐकून माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मावशी तिखटमिठाच्या डब्यातून चिमूट उचलते, तळहातावर घेते, बघते, दोन-चार कण परत टाकते. उरलेली चिमूट आमटीत. मी एवढंच विचारलं, ‘हे घडलं असेल असं वाटतं तुला?’ ती म्हणाली, ‘असेल नसेल. पोथी न वाचता ताट वाढता येतं का?’ बॅस्कमच्या तिन्ही कप्प्यांत हे उत्तर बसत नाही. आमटीला मीठ बरोबर होतं.

शुक्रवार

सकाळी उत्तरपूजा झाली, डहाळ्या घराच्या कोपऱ्यांत ठेवल्या, कलशातलं पाणी तुळशीला गेलं. मग मावशीसकट किल्ला.

ग्वाल्हेर दरवाज्यानं पायी चढलो, कारण त्या वाटेवर चतुर्भुज मंदिर लागतं. खडकातून कोरलेलं छोटंसं देऊळ, इसवी सन ८७६ च्या सुमाराचं. शिलालेखात शून्य आहे म्हणून जगभरची माणसं बघायला येतात. गाईड प्रत्येकाला ‘जीरो ढूँढिए’ म्हणतो आणि पोरं शोधत बसतात. लेखाचा मजकूर मात्र कुणी सांगत नाही. देवाला फुलबाग दिली आहे, तिची एक बाजू २७० हात, आणि तिथून रोज ५० माळा देवाला पोचायच्या. शून्य दोन्ही आकड्यांत आहे. कोरणाऱ्याला गणिताचा इतिहास लिहायचा नव्हता. देवाला माळा चुकू नयेत म्हणून त्यानं हिशेब दगडावर घातला. विश्वासाचा इतका काटेकोर पुरावा कुठल्याही गोष्टीत मला मिळालेला नाही.

वर सूरजकुंड. इथली गोष्ट किल्ल्याच्या नावाची: सूरजसेन नावाच्या राजाला कोड होतं, ग्वालिपा नावाच्या साधूनं इथलं पाणी पाजलं, रोग गेला. राजानं साधूच्या नावानं किल्ला बांधला. साधूनं सांगितलं, ‘पाल’ हे नाव लावाल तोवर किल्ला तुमच्याकडे राहील. पुढे तेजकरण नावाच्या वंशजानं ते नाव लावलं नाही आणि किल्ला गेला. कुंडाच्या कठड्याशी दोन स्थानिक माणसं उभी होती. एकाचं म्हणणं रोग पाण्यानं गेला, दुसऱ्याचं की साधूच्या हातानं, पाणी निमित्त. दोघांचा आवाज चढला. मला फार बरं वाटलं. हंगेरीतून अमेरिकेत गेलेल्या लोककथा-अभ्यासक लिंडा डेग म्हणत, दंतकथा जगते ती तिच्या खरेपणावर वाद चालू असतो म्हणून. पण इथला वाद त्याच्याही पुढचा होता. रोग गेला याबद्दल दोघांत एकमत. भांडण होतं श्रेयाचं. शेवटी दोघांनी कुंडाकडे पाहून कपाळाला हात लावला आणि वेगवेगळ्या दिशांना गेले. पाणी मात्र कुणी प्यायलं नाही. हिरवं होतं.

दुपारी दाता बंदी छोड गुरुद्वारा. जहांगीरानं गुरू हरगोविंदांना या किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं. सुटकेचा हुकूम आला तेव्हा गुरूंनी बरोबरच्या ५२ राजांशिवाय बाहेर पडायला नकार दिला. बादशहाची अट: जेवढे तुमचा पदर धरू शकतील तेवढे सुटतील. गुरूंनी ५२ कळ्यांचा, म्हणजे कापडाच्या ५२ पट्ट्यांचा, चोला शिवून घेतला, एकेका राजानं एकेक कळी धरली आणि सगळे दरवाज्याबाहेर. शीख दिवाळीला बंदी छोड दिवस म्हणतात तो यासाठी. लंगरच्या पंगतीत शेजारी बसलेल्या सरदारजींनी गोष्ट अशी सांगितली की मुठी वळून त्यांनी कळी धरून दाखवली, आणि ताटातली डाळ निवेपर्यंत मूठ सोडली नाही.

मावशी शिवणकाम करते. पायऱ्या उतरताना तिचं सुरू झालं: ५२ कळ्या, कळी खाली निदान वीतभर रुंद, तर घेर किती आणि कापड किती वार. अस्तर धरायचं का? एवढ्या घेराचा चोला घालून पायऱ्या उतरायच्या, म्हणजे पुढच्या कळ्या आखूड हव्यात. गोष्ट खरी का खोटी हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. ती चोला बेतत होती.

येताना उरवाईच्या बाजूला खडकात कोरलेल्या जैन मूर्ती. पंधराव्या शतकातल्या, तोमरांच्या काळातल्या. १५२८ मध्ये बाबरानं त्या फोडायचा हुकूम दिला, तसं त्यानंच लिहून ठेवलं आहे. अनेकांचे चेहरे गेले, काहींचे नंतर बसवलेले दिसतात. गोपाचलावरच्या पद्मासनातल्या पार्श्वनाथावर घाव घालायला सैनिक धजलेच नाहीत, ही जैन मंडळींची कथा. दिवस मावळला होता, गोपाचल राहून गेलं.

शनिवार

काकांबरोबर बाडा आणि गोरखी, म्हणजे शिंद्यांचा जुना वाडा. शिंद्यांचं कुलदैवत कोल्हापूरचा जोतिबा, आणि महादजींचे गुरू बीडचे सूफी मन्सूरशहा. गोरखीच्या देवघरात दोघांचाही मान. उरुसात मन्सूरशहांच्या स्थानावरून फूल पडेपर्यंत घराण्यातला माणूस वाट बघत बसतो, असं काका सांगतात. कुठल्याही बाबतीत ‘पुरावा दाखवा’ म्हणणारे निवृत्त ऑडिटर काका हे सांगताना चप्पल काढून, रस्त्यावरच, थंड फरशीवर उभे होते. पानिपतात जखमी झालेल्या महादजींना राणेखान भिश्त्यानं वाचवलं, ही गोष्ट त्यांनी मला बाड्यावरच्या कचोरीच्या गाडीपाशी, चप्पल घालून, खात खात सांगितली. दोन्ही गोष्टी घराण्याच्याच, दोन्हींत तारणहार मुसलमान. पण एक देवघरातली होती आणि एक इतिहासातली, आणि काकांच्या पायांना तो फरक ठाऊक होता.

परतताना रिक्षावाल्याला ढोलीबुवांचा, म्हणजे समारोहात हरिकथा सांगणाऱ्या गादीचा, मठ सांगितला. त्याला मठ कळला नाही, ‘ढोली बुआ का पुल’ लगेच कळलं.

रविवार

थंडी. रजईबाहेर पडले नाही. दुपारी गुजरी महाल, राजा मानसिंग तोमरानं मृगनयनीसाठी बांधलेला. तिनं लग्नाआधी अट घातली म्हणे, की राई गावचं पाणी महालात आलं पाहिजे. आता तिथे संग्रहालय आहे, आणि ग्यारसपूरची शालभंजिकेची मूर्ती एवढी सुंदर आहे की मृगनयनीची आठवण राहत नाही.

सोमवार

हजिरा. सकाळी धुक्यात महंमद गौसांचा मकबरा मोठ्या जहाजासारखा दिसत होता, आणि त्याच्या अंगणात तानसेनाची समाधी, खांबांवर उभी, उघडी, लहानशी. गौस शत्तारी पंथाचे सूफी. योग्यांचा ‘अमृतकुंड’ हा ग्रंथ अरबीवाटे त्यांनी फारसीत आणला: श्वास, आसनं, चक्रं, सगळं. म्हणजे या अंगणात नाथ आणि फकीर यांची गाठ कुणा सरकारी खात्यानं सलोख्यासाठी घालून दिलेली नाही, ती सोळाव्या शतकापासून कागदावर आहे. समारोहाची सुरुवात १९२४ची मानतात, २०२४ मध्ये शंभरावा झाला.

आधी सनई. मग नावापुढे ‘नाथ’ लावणाऱ्या ढोलीबुवांच्या गादीची हरिकथा. मी नारदीय कीर्तनात वाढलेली. नमन, पूर्वरंग, बुक्का, उत्तररंग हा साचा कानात बसलेला. तो इथे शोधून उपयोग नव्हता. वेळ मोजका, भाषा हिंदी, श्रोत्यांत निम्मे पत्रकार. पण निरूपणातून पदात शिरताना आवाज जो चढतो आणि झांज जी मागून येऊन गाठते, ते वळण अस्सल मराठी कीर्तनाचं होतं. विषय देव एकच, सूर एकच. इतरत्र हे वाक्य भाषणात ऐकलं की जांभई येते. इथे वक्त्याच्या मागे कबर होती, तिच्यावरची चादर वाऱ्यानं हलत होती, आणि कबरीतला माणूस कुणाचा यावर चारशे वर्षांत निकाल लागलेला नाही. मकरंद पांड्यांचा मुलगा तन्ना म्हणावं, तर पुरला इथे. मियाँ म्हणावं, तर कथा सांगायला बुवा उभे.

कथा संपली, टाळ्या वाजायच्या आत बऱ्याच जणांनी हात जोडले. मग मौलवींनी मिलाद पढला. बैठक तीच, माणसं तीच, जागचं कुणी हललं नाही. दुआ आली तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतले, कपाळावर गंध लावलेले आजोबा जरा गोंधळले. त्यांचे हात सवयीनं जुळले होते. त्यांनी शेजारी पाहिलं, मग जुळलेले तळवे हळूहळू उघडले, पुस्तक उघडतात तसे, आणि तसेच धरून ठेवले. ‘आमीन’ झाल्यावर शेजाऱ्यानं तळवे चेहऱ्यावरून फिरवले. आजोबांनी ते डोळ्यांना लावले, आरती घेतात तसे. शिकलेलं आणि अंगातलं यांचा समझोता तिथल्या तिथे झाला. मी वहीत फक्त तळवे काढले, शब्द लिहिले नाहीत. चादर चढली, कव्वाली झाली, गर्दी चिंचेकडे वळली.

चिंच म्हणजे समाधीजवळचं झाड. पाला खाल्ला की गळा गोड होतो. मूळ झाड गायकांनी खाऊन संपवलं म्हणतात, हे नंतरचं. अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त दरबारी गवयांच्या यादीत पहिलं नाव तानसेनाचं लिहिलं आणि असा गायक हिंदुस्थानात हजार वर्षांत झाला नाही अशी पुस्ती जोडली. बादशहाच्या बखरकारानं एवढं म्हटल्यावर लोकांनी दिवे पेटवले, पाऊस पाडला, गौसांच्या तोंडातलं पान छोट्या तन्नाच्या तोंडात घातलं, यात त्यांनी अबुल फजलपेक्षा फार जास्त काही केलं असं मला वाटत नाही.

संगीत महाविद्यालयातली वाटावी अशी एक मुलगी, तानपुऱ्याची गवसणी खांद्याला. तिनं चपला काढल्या, पानं तोडली, झाडाला लावून कपाळाला लावली आणि चावली. तोंड वाकडं झालं. मग पर्सची चेन उघडून ज्येष्ठमधाची काडी काढली आणि तीही चघळायला घेतली. मैत्रीण हसली तर म्हणाली, ‘दोनों का अपना-अपना काम है.’ मीही पाला खाल्ला. आंबट आहे.

मंगळवार

बेहट, तानसेनाचं गाव. तासा-सव्वातासाचा रस्ता, दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली. समारोहाची एक सभा इथे झिलमिल नदीकाठी होते, तिची तयारी चालली होती: बांबू, गालिचे, वायरींची भेंडोळी. बाजूला महादेवाचं देऊळ, एका अंगाला कललेलं. मुका तन्ना बकरीचं दूध रोज महादेवाला घालायचा. एकदा पावसात राहिलं, रात्री आठवलं, धावत आला. देव प्रसन्न झाला आणि पोराच्या गळ्यातून पहिली तान अशी निघाली की देऊळ कललं.

पुजारी हे सांगत असताना मंडपवाला शिडीवरून म्हणाला, ‘पंडितजी, नदी के किनारे की मिट्टी है, बैठ गई.’ पुजारी म्हणाले, माती बसली तर ती तेव्हाच का बसली? वायरमनचं तिसरंच. त्याच्या आजोबांनी सांगितलेलं की तान पहिली नव्हती, दरबारातून परत आल्यावरची होती, कारण पोराच्या गळ्यात एवढा जोर कुठून येणार. चहावाल्यानं बकरीच्या दुधावर शंका काढली, गाय असणार म्हणाला. मंडपवाला खाली उतरून ओळंबाच घेऊन आला. ओळंबा भिंतीशी धरला, फरक सगळ्यांनी पाहिला, आणि त्यानं कुणाचंच मत बदललं नाही. शेवटी पुजाऱ्यांनी विषय माझ्या मावसभावावर टाकला: ‘आप महाराष्ट्र वाले तो सब गाते हैं. आप ही गा के सीधा कर दीजिए.’

तो न्हाणीघरातला गवई. कानटोपी वर सरकवली, घसा खाकरला आणि भूपातला वरचा षड्ज लावून जमेल तेवढा धरला. मंडपवाल्यासकट सगळ्यांनी माना वळवून देवळाकडे पाहिलं. वायरमननं हातातली पक्कड खाली ठेवली.

‘थोड़ा सा हिला,’ चहावाला म्हणाला.

‘उल्टी तरफ,’ पुजारी म्हणाले, आणि चहाचे पैसे घेऊ नको म्हणून त्याला खूण केली.